तीनशे चार नंबरच्या खोलीतला मामा

तर काल आपण रामकिसनला पुण्याच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि तेवढ्यात घरातून मला जेवायची हाक आली म्हणून मी उठलो. तो बिचारा तेव्हापासून तसाच बसलाय तिथं, पलंगाच्या कडेला, मांडीवर पिशवी घेऊन. आता त्याला फार वेळ ताटकळत ठेवणं बरं नाही.

काल जे नव्हते त्यांना एवढं सांगतो. रामकिसन आमच्या युसूफ वडगावचा, माझ्या घरापासून चौथं दार त्याचं. वय सहासष्ट. दोन एकर रान, एक म्हैस, आणि गावभर पोचणारा गळा. त्या गळ्यावर गावानं त्याला चाळीस वर्षं एक काम दिलं होतं. कुणाकडं लग्न असो, बारसं असो, आवतन द्यायला रामकिसन. आता आवतन म्हणजे काय, हे शहरातल्या माणसांना पत्रिकेवरून कळायचं नाही. सकाळी दारोदार जाऊन सांगायचं, "वैनी, आज चूलबंद हाय बरं का आप्पारावाकडं!" म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायची नाही. कुठं घरटी एकच माणूस असला तर तसं सांगायचं, आणि ते सांगताना समोरच्याला वाईट वाटणार नाही असं सांगायचं. ती कला रामकिसनकडं होती.

पण नुसत्या आवतनावर आमच्याकडं कुणी उठून जात नाही. ताटं मांडली, की पुन्हा एकदा दारोदार जायचं, "चला, उठा, वाढायला घेतलंय." ते झालं बोलावणं. आवतन आलं आणि बोलावणं आलं नाही, तर माणूस हातपाय धुऊन, टोपी घालून ओसरीवर बसून राहतो. भूक लागली तरी जागचा हलत नाही. न बोलावता गेलं तर हावरा म्हणतील ना!

आप्पारावाच्या थोरल्याच्या लग्नात काय झालं, हे सांगतो आणि मग पुण्याला जातो. रामकिसननं अख्ख्या गावाला बोलावलं. तीन पंगती उठल्या. छबुबाईनं, म्हणजे आप्पारावाच्या बायकोनं, शेवटी पाहिलं तर हा पठ्ठ्या आपल्या घरी ओट्यावर बसलेला.

"काय रं रामकिसन, जेवला न्हाईस?"

"मला कुणी बोलावलंय, काकू?"

"आरं बाबा, तूच तर बोलावत फिरतूयास!"

"मी लोकाला बोलावलं. मला कोण बोलावणार?"

छबुबाई तिथंच खाली बसून हसली. मग उठून, पदर सावरून, अगदी त्याच्याच चालीवर म्हणाली, "चला रामकिसनराव, उठा, वाढायला घेतलंय." तेव्हा उठला. असा माणूस.

आता पुणं.

रामकिसनला सख्खी बहीण नाही. मंगल त्याच्या चुलत्याची लेक. तिला भाऊ नाही. चुलता-चुलती दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायची ती पाडव्याच्या पुढंच परतायची. मंगल सात वर्षांची झाली, शाळेत घातली, आणि त्या वर्षापासून दरसाल सहा महिने ती रामकिसनकडं राहायला लागली. दहावीपर्यंत. केस विंचरायला बायनाबाई, रामकिसनची बायको. पाढे म्हणून घ्यायला रामकिसन, ज्याला स्वतःला तेराच्या पुढं येत नव्हते. मंगल चौदाचा पाढा चुकीचा म्हणायची आणि हा मान डोलवायचा. तिला ते ठाऊक होतं. लई लबाड पोरगी.

मंगलचं लग्न झालं रामहरीशी. रामहरी धारूरकडचा, पुण्याकडं एका कारखान्यात नोकरीला. माणूस सरळ. त्यांची एकच मुलगी, सायली. ती जन्मली तेव्हाच मंगलनं सांगून ठेवलं होतं, "दादा, हिच्या लग्नात हिच्या पाठीशी मामा म्हणून तू उभा राहायचास. दुसरं कुणी न्हाई." तेवीस वर्षं रामकिसननं हे वाक्य कमीत कमी दोनशे वेळा मला ऐकवलं असेल. मुलीचा मामा तिला मांडवात घेऊन येतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो. त्या दोन मिनिटांसाठी हा माणूस तेवीस वर्षं थांबला होता.

लग्न फेब्रुवारीत निघालं. रामकिसनचा मुलगा बजरंग आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली, दोन नातवंडं घरी. म्हणजे बायनाबाईला हलता येईना. ती म्हणाली, "तुमी जा. मामा तुमी हाव, मामी कुणी बघत न्हाई." केजच्या बाजारात जाऊन सायलीसाठी पिवळी साडी मात्र तिनं स्वतः निवडली. तीन दुकानं पालथी घालून. घरात फोन एक, तो बायनाबाईच्या कमरेला. बजरंगचा फोन कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तो घरीच राहिला. रामकिसननं मंगलचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला आणि एकटा निघाला.

आणि इथं माझा संबंध येतो. स्टँडवर मी त्याला सोडायला गेलतो. गाडीत बसता बसता मला विचारतो, "अण्णा, तुमी दोनदा पुण्याला जाऊन आलाव. शहरातल्या लग्नात रीत काय असती?"

मी दोनदा गेलो होतो ते डोळे तपासायला. पण विचारणारा विचारतोय म्हटल्यावर न सांगणारा मी कोण! मी म्हटलं, "आरं, रीत सगळीकडं एकच. मुलीचा मामा तू. मामाला आणायला माणूस येतोच. वाजवत येतील. बोलावल्याबिगर जागचा हलू नकोस, न्हाईतर म्हणतील गावाकडचा मामा आपला आपणच आला." त्यानं मान हलवली. एसटी सुटली. मी खुशीत घरी आलो.

मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा सगळे ढाब्यावर उतरले. हा उतरला नाही, साडीची पिशवी राखत बसला. संध्याकाळी पुण्यात रामहरी घ्यायला आला होता. रामकिसनला वाटलेलं की आता लग्नघरी जायचं. पायऱ्यांवर चपलांचा ढीग असेल, बायका हळद कालवत असतील, मंगल दारातच म्हणेल, "दादा, आधी ती सतरंजी झटक." तो कामाला येऊन पडायच्या तयारीनं गेला होता. रामहरीनं गाडी थेट हॉटेलपुढं उभी केली.

"मामा, घर दोन खोल्यांचं. तिथं पाय ठेवायला जागा न्हाई. तुमची इथं एकट्याची खोली सांगितलीय. बाकीच्या पाव्हण्यांना एका खोलीत चार-चार जण. तुमी मानाचे."

रामहरीनं ते मनापासून केलं होतं, हे मी आजही सांगतो. रामकिसन म्हणाला, "बरंय." साडी रामहरीच्या हाती दिली, उद्या सायलीला नेसायला लागणार म्हणून. मंगलचा फोन आला रामहरीच्या मोबाइलवर. "दादा, आता हिकडं येऊ नको, लई गर्दी हाय. झोप. उद्या दिवसभर उभं राहायचंय तुला. अकराला गाडी येईल, खाली ये."

हे वाक्य लक्षात ठेवा. मंगलनं सांगितलं ते तिच्या मते सगळंच सांगितलं. रामकिसनच्या मते ते आवतन होतं. बोलावणं अजून यायचं होतं.

खोलीचं काय सांगू! पुढं गावी आल्यावर माझ्या ओट्यावर तो सांगत होता आणि मी हसत होतो, आणि तोही हसत होता, तोपर्यंत. दाराला कुलूप नाही, पत्त्याच्या पानासारखं एक कार्ड. ते भिंतीतल्या खाचेत घातल्याशिवाय दिवा लागत नाही. काउंटरवरच्या मुलीनं वर येऊन दाखवलं म्हणून बरं. खिडकी होती पण उघडत नव्हती. पलंगावरची चादर गादीखाली अशी करकचून खोचलेली, की आत शिरायचं कुठून ते कळेना. उपसली तर कुणा बिचारीनं एवढी कष्टानं घातलेली घडी मोडेल, म्हणून हा खाली जाजमावर धोतर अंथरून झोपला. टेबलावर किटली, चहाच्या पुड्या, साखरेच्या पुड्या. हात लावला नाही. "आधीच्या पाव्हण्याच्या ऱ्हायल्या असतील," म्हणाला.

"तुला वाईट वाटलं का रं तिथं?" मी विचारलं.

"वाईट न्हाई अण्णा. पर लग्नाच्या घराचा वास असतो का न्हाई, हळदीचा, तेलाचा? तिथं नुसता फिनेलचा वास. मला वाटलं आपुन दवाखान्यात ॲडमिट हाव."

सकाळी अंघोळ केली. लग्न लागेपर्यंत काही खायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, म्हणून नाष्ट्याचा प्रश्न नव्हता. नऊ वाजता नेहरू शर्ट, नवं धोतर, आणि फेटा. फेटा तो स्वतः बांधतो, शेमला गुडघ्यापर्यंत. आणि खुर्चीवर बसला. टेकून नाही. शर्टाला घडी पडेल म्हणून ताठ. दाराकडं तोंड करून.

दहा वाजले. साडेदहा. बाहेर पावलं वाजायची, हा सावरून बसायचा, पावलं पुढं जायची.

अकराला गाडी आली असणार. सव्वाअकराला पलंगाजवळचा फोन वाजला. तो वायरचा, खोलीतला फोन. रामकिसन उठून उभा राहिला. फोन वाजतोय, हा बघतोय. बंद झाला. पुन्हा वाजला.

मी म्हटलं, "आरं मग उचलायचा ना!"

"कावून उचलायचा? माझा हाय का त्यो? दुसऱ्याच्या घरी गेलं, तिथला फोन वाजला, तर आपुन उचलतो का? त्यांचं काय घरचं बोलणं असंल."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र याला राहवेना. दार उघडून, पायानं ते अडवून धरून, त्यानं बाहेर बघितलं. कुणी दिसलं तर सांगावं, की बाबा, तुमचा फोन वाजतोय, महत्त्वाचा असेल. बाहेर कुणी नव्हतं. परत येऊन बसला. फोन थांबला.

खाली काय झालं ते नंतर कळलं. काउंटरवरची मुलगी वर फोन लावत होती, ड्रायव्हर घाई करत होता, गाडीत आधीच दहा-अकरा पाहुणे. त्यातलं कुणीतरी म्हणालं, "मामा सकाळच्या पहिल्या गाडीतच गेले असतील. मुलीचे मामा हायत, ते कशाला थांबतील?" काउंटरवरच्या मुलीनं फोन ठेवला. गाडी गेली. कार्यालयात मंगलला वाटलं, दादा दुसऱ्या गाडीत आहे. दुसरी गाडी आली, त्यात दादा नाही. रामहरीनं ड्रायव्हरला उलट पाठवलं. आता पुण्याच्या रस्त्याला तर तुम्ही आम्ही काही करू शकत नाही. मुहूर्त बारा चोवीसचा. गुरुजींनी माइकवरून दोनदा पुकारा केला, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या." नवऱ्याकडची माणसं घड्याळं बघायला लागली. शेवटी रामहरीच्या कारखान्यातले एक साहेब होते, कोट घातलेले, ते पुढं झाले. ते सायलीला घेऊन आले. ते तिच्या मागं उभे राहिले.

त्या वेळी आमचा मामा तीनशे चार नंबरच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसला होता. फेटा बांधून.

एकच्या सुमाराला दारावर थाप पडली. "मामा, चला."

रामकिसन मला म्हणाला, त्या थापेसरशी अंगावर काटा आला. चार तास त्यानं ज्याची वाट बघितली ते आलं होतं. वाजंत्री नव्हती, पण माणूस तर आला! ड्रायव्हर पन्नाशीचा, घामाघूम. हा त्याच्या मागं जिना उतरला, लिफ्टसुद्धा नको म्हणाला. गाडीत पुढच्या सीटवर बसला, शेमला मांडीवर घेतला आणि विचारलं, "बाबा, मंगलाष्टकं अजून सुरू झाली नसतील न्हाई?"

ड्रायव्हर त्याच्याकडं बघतच राहिला. "मामा, लग्न लागलं की. पंगत चालू हाय."

इथं रामकिसन थांबला. आम्ही दोघं माझ्या ओट्यावर बसलो होतो. मी तंबाखू मळत होतो, ती तशीच हातात राहिली. स्टँडवर मी त्याला काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं. त्यालाही आठवत असणार, पण तो ते एका शब्दानं बोलला नाही. गेल्या सहा महिन्यांत एकदाही बोलला नाही.

कार्यालयाच्या दारात मंगल उभी होती. लेकीच्या लग्नात बाईनं जसं दिसायला पाहिजे तशी दिसत होती, फक्त डोळे सुजलेले. आजूबाजूला पाहुणे, म्हणून आवाज खाली ठेवून बोलली.

"रुसलास ना दादा? हॉटेलात ठेवलं म्हणून रुसलास."

रामकिसन खाली वाकून चपला काढायला लागला.

"तीनदा फोन केला त्यांनी खोलीत. तू उचलला न्हाईस. गाडी खाली थांबली, तू आला न्हाईस. मी अकराला ये म्हणले होते का न्हाई?"

"म्हणली होतीस."

"मग?"

त्यानं शेमला सारखा केला.

"नऊ वर्षं तुझ्या घरची भाकरी खाल्ली मी. वैनीनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या. आणि तू माझ्या लेकराच्या पाठीशी दोन मिनिटं उभा राहिला न्हाईस. कुठल्या कोण साहेबाला उभं करावं लागलं. घरी जागा नव्हती रे दादा! मला काय हौस होती का तुला हॉटेलात ठेवायची?"

सायली आली, पाया पडली. तिच्या अंगावर बायनाबाईनं निवडलेली पिवळी साडी होती. "मामा, उशीर का झाला?" एवढंच म्हणाली आणि तिला फोटोसाठी कुणीतरी ओढून नेलं. रामकिसनला स्टेजवर बोलावलं, तो गेला. फोटोत तो आहे, मी पाहिलाय. फेटा सगळ्यांत उंच आणि नजर खाली. त्या आधीच्या फोटोत, अंतरपाटाच्या, सायलीच्या मागं कोट आहे.

तो जेवत नाही म्हणत होता, पण मंगलनं ताट पुढं ठेवलं. रागात होती, तरी तिनं स्वतः वाढलं. दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या प्रहरीच्या गाडीनं तो निघाला.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली. आता फोनवरून पोचायला काय लागतं! "रामकिसन मामा रुसला, लग्नाला उभाच राहिला न्हाई." पारावर बसणाऱ्या पंडितनं तर त्याला तोंडावर टोमणा मारला, "काय मामा, पलंग मऊ नव्हता काय तिथं?" जो माणूस चाळीस वर्षं लोकांना घरोघर जाऊन जेवायला उठवत होता, रुसलेल्यांच्या दारात दोनदा-तीनदा जात होता, त्याला गाव आता रुसका म्हणायला लागलं. रामकिसन हसायचा. "नव्हता बाबा मऊ," म्हणायचा.

खरं काय झालं ते त्यानं फक्त मला सांगितलं, तेही चार महिन्यांनी. बायनाबाईलासुद्धा अर्धंच माहीत आहे. तोवर मीही त्याला रुसकाच समजत होतो, आणि मनात म्हणत होतो, की एवढ्या वर्षांचा माणूस ओळखता आला नाही. वर आणि पारावर पंडितच्या टोमण्याला हसलोही होतो एकदा.

मग नागपंचमी आली. दरसाल मंगल पंचमीला येते. लग्न झाल्यापासून एक पंचमी चुकली नव्हती तिची. फेर धरायला सगळ्यांत पुढं, आणि घरात शिरली की बायनाबाईला चुलीपासून उठवून स्वतः बसणार. यंदा बायनाबाईनं दोन दिवस आधी घर सारवलं. रामकिसननं लिंबाला झोका बांधला, सोल, म्हणजे जाड दोर, बदलून नवा. मंगल आली नाही. फोन आला नाही. सकाळभर तो झोक्याखाली उभा होता, आणि शेजारची लेकरं म्हणत होती, आम्हाला बसू द्या. दुपारी त्यांना बसू दिलं.

मला ते बघवलं नाही. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. बायनाबाई नातवंडांना घेऊन देवळाकडं गेलेली. मी सरळ माझा मोबाइल काढला.

"मंगलचा नंबर सांग," म्हटलं. "मी सांगतो तिला सगळं. दादा रुसला नव्हता, दादा बोलावण्याची वाट बघत चार तास ताठ बसला होता. आणि त्याला तसं बसायला सांगणारा हा म्हातारा हाय, ह्याला काय बोलायचं ते बोल. दोन मिनिटांचं काम हाय रामकिसन. तुझ्यावरचा बट्टा बी जाईल, आणि पोरगी दिवाळीला दारात उभी राहील. एवढं सोपं असताना तू कावून गप हायस?"

त्यानं माझ्या हातातला फोन काढून घेतला. बटण दाबून बंद केला, माझ्या खिशात घातला आणि खिशावर हात ठेवून बोलला. त्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो:

"नगं अण्णा. आज तिला वाटतंय दादा रुसला. भावाचा राग हाय, वरीस-दोन वरीस ऱ्हाईल आन मग एक दिवस वैनीच्या हातची भाकर आठवली का निघून येईल. पर तिला जर का कळलं, का दादा फेटा बांधून दाराकडं बघत बसला व्हता आन आपुन माणूस धाडला न्हाई, तर ती सायलीच्या लग्नाचा एक फोटो बी पुन्ना हातात घ्यायची न्हाई. लहानपणापासून तसली हाय ती. एकदा माझी चप्पल तिच्या हातून व्हड्यात वाहून गेली, तर आठ दिस जेवली न्हाई. लेकीचं लगीन तिनं एकदाच केलंय अण्णा. त्ये तिला गोड ऱ्हाऊ द्या. रुसका तर रुसका."